थांबण्याची सत्तर वर्षे

जुनी मोटारसायकल नव्याने उभी करणाऱ्यांची संख्या यवतमाळ जिल्ह्यातही अलीकडे वाढली आहे. दारव्ह्याच्या एखाद्या वाड्यातून, वणीच्या गोदामातून, पुसदकडच्या गोठ्यातून वर्षानुवर्षे पडून असलेली जावा किंवा राजदूत बाहेर निघते. पहिली चौकशी इंजिनाची होते, मग क्रोमची, मग रंगाची. ब्रेकची पाळी शेवटी येते, बहुतेक वेळा पैसे संपत आल्यावर. हा क्रम चुकीचा आहे असे माझे ठाम मत आहे. गाडी कोणत्या काळातली, कोणत्या रस्त्यांवर चालली आणि मालकाने तिला कसे वागवले, हे ब्रेक उघडल्यावर जितके कळते तितके टाकीवरच्या रंगाने कधीच कळत नाही. म्हणून हा सत्तर वर्षांचा मागोवा ब्रेकच्या बाजूने.

दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराने मोडीत काढलेल्या बीएसए एम-२०, नॉर्टन १६-एच, मॅचलेस अशा गाड्या देशभर पसरल्या. खरी सुरुवात मात्र १९५५ ची. त्या वर्षी मद्रास मोटर्स आणि इंग्लंडची रॉयल एन्फिल्ड यांनी मिळून एन्फिल्ड इंडिया स्थापन केली आणि पुढच्या वर्षी ३५० सीसीची बुलेट मद्रासजवळच्या तिरुवोट्टियूरला जोडली जाऊ लागली. तिच्या पुढच्या चाकाला सहा इंची ड्रम होता. आत दोन शू, त्यांना उघडणारा एक कॅम आणि हँडलपासून आलेली एक तार, एवढाच सगळा संसार. या दोन शूंचे काम सारखे नसते. चाक फिरते त्याच दिशेने उघडणारा शू ड्रमसोबत ओढला जातो आणि आपोआप अधिक घट्ट बसतो. दुसरा शू मात्र मागे ढकलला जातो. म्हणजे अर्ध्याहून अधिक काम एकटा पहिला शू करतो. तोच आधी झिजतो आणि मिस्त्रीने तोच आधी बघावा.

त्या बुलेटचा गिअर उजव्या पायात आणि ब्रेक डाव्या पायात असे. १९६१ पासून म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून येऊ लागलेल्या जावाचा ब्रेक उजव्या पायात. एका घरात दोन्ही गाड्या असल्या की रस्त्यात गाय आडवी येताच ब्रेकऐवजी गिअर दाबला जाण्याचा धोका असे. आजही जुन्या बुलेटवर नवा माणूस बसतो तेव्हा त्याला आधी मोकळ्या मैदानात चार फेऱ्या मारायला लावाव्यात.

जावा आणि त्याच सुमारास आलेली एस्कॉर्ट्सची राजदूत, दोन्ही टू-स्ट्रोक. टू-स्ट्रोक इंजिन उतारावर गाडीला फारसे धरून ठेवत नाही. थ्रॉटल सोडला तरी गाडी पळतच राहते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. यवतमाळ शहर पठारावर आहे, पुसद डोंगरांच्या कुशीत. इथले रस्ते चढउताराचे, त्यात राजदूतच्या दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन लटकवलेले. कारखान्याने ज्या वजनाचा हिशेब केला होता त्याच्या कितीतरी पुढे ही गाडी रोज पहाटे धावत असे. अशा गाडीचा मागचा ड्रम उघडला की आत खोल चरे दिसतात, कधी शूवरचे लायनर पूर्ण झिजून रिव्हेट थेट लोखंडावर घासलेले दिसतात. पावसाळ्यात नाल्यातून गाडी काढली की पाणी ड्रममध्ये जाई आणि पुढचा फर्लांगभर ब्रेक लागतच नसे. जाणते चालक पाण्यातून निघाल्यावर ब्रेक हलका दाबून ठेवत गाडी चालवत, म्हणजे उष्णतेने शू सुकत. काळी माती त्याहून वाईट. ती आत जाऊन वाळली की शू आणि ड्रम दोघांनाही खाते.

यातून या भागात एक छोटासा धंदा उभा राहिला. जिनिंग-प्रेसिंगच्या यंत्रांची कामे करणारे लेथवाले मोटारसायकलचे ड्रमही घासून देत. लायनर बसवणारे वेगळे. ते जुने लायनर छिन्नीने उडवत, नवा पट्टा शूच्या गोलाईवर बसवत आणि तांब्या-पितळेचे रिव्हेट इतके खोल दाबत की लायनर अर्धा झिजेपर्यंत ते वर येऊ नयेत. पट्ट्याची पुढची कड कानशीने तिरपी करणारा कारागीर खरा. ती तशीच सोडली की ब्रेक पकडतो आणि किंचाळतो. या कामाची किंमत त्या लोकांनी छातीने मोजली. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असे आणि ड्रम उघडला की आतली भुकटी तोंडाने किंवा हवेच्या पंपाने फुंकून काढायची पद्धत होती. आज जुनी गाडी उघडणाऱ्याने ती भुकटी कधीही फुंकू नये. ओल्या फडक्याने पुसावी आणि फडके पिशवीत बांधून टाकावे.

ड्रमचा ब्रेक नीट लागत नसेल तर दोष अनेकदा शूमध्ये नसतोच. नवे स्पोक ताणून चाक बांधले की हब किंचित अंडाकृती होतो. म्हणून ड्रम लेथवर घ्यायचा तो चाक बांधून झाल्यावर, रिमसकट. त्यासाठी मोठा लेथ लागतो आणि असा लेथ आता शोधावा लागतो. दुसरी गोष्ट फुकटातली आहे. चाक बसवताना ॲक्सलचा नट आवळण्याआधी ब्रेक पूर्ण दाबून धरायचा, म्हणजे शूची प्लेट ड्रमच्या मधोमध येते, आणि मग नट आवळायचा. तिसरी गोष्ट कॅमच्या दांडीची. ब्रेक लागतो त्या क्षणी दांडी आणि तार यांच्यात काटकोन हवा. लायनर झिजत गेले आणि मालक नुसती तार ताणत गेला की हा कोन बिघडतो, हाताचा जोर वाया जातो आणि सगळे म्हणतात, ‘जुन्या गाडीचे ब्रेक असेच असतात.’ ते असेच नसतात. नीट बांधलेल्या ड्रमवर जावा आपल्या वेगाला साजेशी थांबते.

जगात मात्र बदल कधीच सुरू झाला होता. होंडाने १९६९ मध्ये सीबी-७५० पुढच्या हायड्रॉलिक डिस्कसह मोठ्या प्रमाणावर बाजारात आणली. यामाहाची आरडी-३५० जपानमध्ये १९७३ मध्ये डिस्क घेऊनच आली. हीच गाडी एस्कॉर्ट्सने १९८३ मध्ये राजदूत ३५० म्हणून भारतात काढली तेव्हा पुढची डिस्क काढून तिथे ड्रम बसवला. किंमत आटोक्यात ठेवण्यासाठी हे झाले. सुमारे तीस अश्वशक्तीची, डोळ्याचे पाते लवते न लवते तोच शंभरी गाठू पाहणारी गाडी आणि तिला तारेचा ब्रेक! ड्रम साधा नव्हता. त्यात दोन कॅम होते आणि दोन्ही शू ड्रमसोबत ओढले जाणारे होते. नीट जुळवला तर तो जोरदार लागतो. जुळवणी मात्र कारागिराची परीक्षा पाहते, कारण दोन्ही कॅमना जोडणारी दांडी अशी बसवावी लागते की दोन्ही शू एकाच क्षणी टेकतील. आणि चढावर थांबून गाडी मागे सरकू लागली की हेच दोन्ही शू उलट्या बाजूने ढकलले जातात आणि ब्रेक निम्माही लागत नाही. आरडी ठेवणाऱ्याने हे माहीत करून घ्यावे, कारण तिच्या अपघातांच्या कथा आजही फक्त वेगावर खपवल्या जातात.

१९८५ मध्ये हीरो होंडा सीडी-१०० आणि यामाहा आरएक्स-१०० आल्या. त्यांचे ड्रम लहान पण गाड्याही हलक्या, त्यामुळे काम भागले. त्याच दशकात एन्फिल्डने जर्मनीच्या झुंडापच्या आराखड्यावर १७५ सीसीची फ्युरी काढली आणि तिला पुढे ब्रेम्बोची हायड्रॉलिक डिस्क दिली. ती फार खपली नाही.

डिस्क आपल्या रस्त्यांवर रुळली ती हीरो होंडाच्या १९९९ च्या सीबीझेडने आणि २००१ च्या पल्सरने. या बदलात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे आणि तो फारसा सांगितला जात नाही. पल्सर पुण्याच्या बजाजची. ब्रेम्बो आणि बॉश यांच्या भागीदारीतून मोटारसायकलचे ब्रेक बनवणारी कंपनी २००६ मध्ये पुण्याजवळ उभी राहिली आणि दोन वर्षांनी ती पूर्णपणे ब्रेम्बोची झाली. बॉशकडे गेलेल्या कल्याणी ब्रेक्सचा एक कारखाना तर आपल्या जळगावला.

गावोगावच्या मोटारसायकल मिस्त्रींना मात्र हे प्रकरण नवे होते. तार आणि कॅम यांच्यावर हात बसलेला, आता नळीत तेल. तेलाच्या ब्रेकची विद्या होती ती जीपवाल्यांकडे. काळी-पिवळी जीप, मॅटाडोर, अॅम्बेसेडर यांचे ब्रेक आधीपासून तेलावर चालत आणि त्यांची हवा काढायची पद्धत ठरलेली होती. एक जण आत बसून पेडल दाबतो, दुसरा चाकाखाली निपलला पाना लावून ओरडतो, ‘मार, मार, धर!’ तीच हाक पुढे मोटारसायकलच्या गॅरेजात आली.

आज पहिल्या खेपेच्या त्या डिस्क-गाड्यांना पंचवीस वर्षे झाली आणि त्या दुरुस्तीला येऊ लागल्या आहेत. पंधरा वर्षे उभ्या असलेल्या सीबीझेडची ब्रेकच्या तेलाची टाकी उघडली की आत तपकिरी काला आणि कडेला पांढरे खडे दिसतात. ब्रेक ऑइल हवेतले पाणी शोषून घेते, हा त्याचा स्वभाव आहे. डॉट-३ जातीचे कोरे तेल निदान २०५ अंशांपर्यंत उकळू नये असा दंडक आहे. पाणी शोषलेल्या तेलासाठी तोच आकडा १४० वर येतो. डॉट-४ साठी हे आकडे २३० आणि १५५. लांब उतारावर ब्रेक तापला की ओल्या तेलात वाफ होते. तेल दाबले जात नाही, वाफ दाबली जाते, आणि लिव्हर सरळ मुठीला टेकते. इकडचा मालक म्हणतो, ‘भाऊ, ब्रेक लागूनच नाही राह्यला.’ पॅड नवे, डिस्क चांगली, तरीही. म्हणून पावसाळ्याचे चार महिने ओल आणि मे महिन्यात पंचेचाळीस अंश झेलणाऱ्या आपल्या जिल्ह्यात दर दोन वर्षांनी तेल बदलायलाच हवे.

जुनी डिस्क-गाडी हाती आली की आधी हवा काढायला बसू नये. आधी सगळे उघडावे. कॅलिपरचा, म्हणजे डिस्कला चिमटणाऱ्या भागाचा, पिस्टन बाहेर काढून त्यावर गंजाचे खड्डे आहेत का ते बघावे. असतील तर पिस्टन बदलावा, पॉलिश पेपरने घासून भागत नाही. पिस्टनभोवतीचे चौकोनी रबर फक्त तेल अडवत नाही. ब्रेक दाबला की ते किंचित पिळते आणि सोडला की पिस्टनला केसभर मागे ओढते. ते कडक झाले की ब्रेक चिकटतो, डिस्क तापते. कोणी कधी ब्रेक ऑइलऐवजी इंजिन ऑइल ओतले असेल तर सगळी रबरे फुगून बसलेली सापडतात. मग हँडलवरच्या मास्टर सिलिंडरपासून खालपर्यंत नवे किट घालण्याला पर्याय नाही. आणि मास्टर सिलिंडरच्या तळाशी दोन भोके असतात. त्यातले एक सुईच्या टोकाएवढे. ते बुजले की दाबलेले तेल वर परत जात नाही आणि चाक अडकते. लोक कॅलिपर तीन-तीनदा उघडतात, दोष या भोकात असतो. सफाई ब्रेक ऑइलने किंवा स्पिरिटने करावी. पेट्रोल-डिझेल रबराला मारते.

त्यानंतर ब्लीडिंग, म्हणजे हवा काढणे. निपलला पारदर्शक नळी लावायची, तिचे दुसरे टोक बाटलीतल्या थोड्या नव्या तेलात बुडवायचे. लिव्हर दोन-तीनदा दाबून धरायची, निपल पाव फेरा सोडायचा, बुडबुडे निघाले की लिव्हर धरलेली असतानाच निपल आवळायचा आणि मगच हात सोडायचा. वरची टाकी रिकामी होऊ द्यायची नाही, नाहीतर काम पहिल्यापासून. पूर्ण कोरड्या नळीत मात्र वरून तेल उतरता उतरत नाही, कारण हवेची ओढ वर असते. तिथे खालून भरणे चांगले. गुरांच्या औषधांच्या दुकानात मिळणारी मोठी नवी सिरिंज निपलला लावून तेल हळूहळू वर ढकलले की बुडबुडे आपल्या वाटेने टाकीत निघून जातात. शेवटची हट्टी हवा बहुधा हँडलजवळच्या बोल्टपाशी, नळीच्या सर्वात उंच जागी, अडकते. हँडल डावीकडे-उजवीकडे वळवून मास्टर सिलिंडर उंच करावा, नळीवर बोटाने टिचक्या माराव्यात. जुने लोक लिव्हर ट्यूबच्या रबराने बांधून रात्रभर ठेवतात, तेही उपयोगी पडते. हे सारे करताना जवळ पाण्याची बादली हवी. नव्या रंगवलेल्या पेट्रोलच्या टाकीवर सांडलेला तेलाचा एक थेंब रंग उकलून टाकतो. पुसण्याआधी पाणी ओतावे.

अलीकडची २०१९ आणि २०२१ ही दोन वर्षे या मागोव्यात महत्त्वाची. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरील सर्व नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचे झाले आणि त्याखालच्यांना निदान दोन्ही ब्रेक एकत्र लावणारी जोडव्यवस्था. ही जोडव्यवस्था इंग्लंडच्या रज कंपनीने १९२५ मध्येच आपल्या मोटारसायकलींना दिली होती. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांवरील गाड्यांसाठी विंटेज नोंदणीचे नियम काढले: नवी नोंदणी २०,००० रुपये, दहा वर्षांची मुदत, क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे. चेसिस, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा अशी अट आहे. या हिशेबाने पहिल्या जावा विंटेज ठरतात; राजदूत ३५० ला २०३३ उजाडेल.

या नियमानंतर एक प्रश्न वारंवार विचारला जातो: जुन्या गाडीला डिस्क बसवावी का? माझे उत्तर नाही असे आहे. जावाचा पुढचा फोर्क आणि स्पोकचे चाक डिस्कच्या ओढीसाठी घडवलेले नाही. भंगारातला फोर्क जोडून केलेली गाडी जावाही राहत नाही आणि सुरक्षितही होत नाही. रोज शहरात ऐंशीच्या वेगाने जायचे असेल तर नवी गाडी घ्यावी. जुनी गाडी तिच्या वेगाने, तिच्या ड्रमवर, पण तो ड्रम मूळच्या ताकदीला आणून चालवावी.

ज्यांच्या घरी अशी गाडी पडून आहे त्यांना एवढेच सांगणे आहे. किक मारण्याआधी दोन्ही चाके उतरवा. जुने शू भंगारात देऊ नका. लायनर गेले तरी त्यांच्या धातूच्या पाट्यांवर नवे लायनर बसते आणि तशा पाट्या आता सहज मिळत नाहीत. लायनर बसवणारा म्हातारा कारागीर आणि रिमसकट ड्रम घासणारा लेथवाला तुमच्या तालुक्यात अजून असेल तर काम त्यालाच द्या, आणि जाताना आयटीआयत शिकणारा घरातला किंवा शेजारचा एखादा मुलगा सोबत न्या.