हडसनचा गाळ

गाळ म्हटला की आपल्याकडे शेतकऱ्याचे डोळे लकाकतात. उन्हाळ्यात धरण आटलं की ट्रॅक्टर पात्रात उतरतात आणि ती कसदार माती हलक्या रानात पसरली जाते. न्यूयॉर्क राज्यातल्या हडसन नदीचा गाळ मात्र मालगाड्यांत भरून परराज्यांत नेऊन पुरावा लागला.

हडसन फॉल्स आणि फोर्ट एडवर्ड या गावांत जनरल इलेक्ट्रिकचे कपॅसिटरचे कारखाने होते. 1947 ते 1977 या तीस वर्षांत तिथून पीसीबी हे तेलकट रसायन नदीत गेलं. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या अंदाजानुसार जवळपास 590 टनांपर्यंत. हे रसायन पाण्यात फारसं विरघळत नाही. मातीच्या बारीक कणांना चिकटतं आणि पाणी संथ झालं की त्यांच्यासोबत तळाशी बसतं. तळातले किडे तो गाळ खातात, किड्यांना लहान मासे खातात, लहानांना मोठे. आणि प्रत्येक पायरीला चरबीतला साठा वाढत जातो. 1973 साली फोर्ट एडवर्डचा जुना बंधारा काढला, तेव्हा त्याच्याआड साचलेला गाळ खाली वाहून गेला. 1976 मध्ये वरच्या हडसनमधली मासेमारी बंद झाली.

तळात काय दडलंय ते कसं कळतं? पोकळ नळी गाळात उभी खुपसायची आणि थर न मोडता वर काढायची. 1963 च्या सुमारास अणुचाचण्यांमुळे आकाशातून सर्वाधिक सिझियम जमिनीवर उतरलं. ज्या थरात ते सर्वांत जास्त सापडतं, तो त्या वर्षांचा. तिथून वर-खाली मोजत गेलं की कोणत्या काळात किती विष आलं, याचा हिशेब लागतो. मला या साऱ्या कामात हा भाग सर्वांत विलक्षण वाटतो.

गाळ हलवू नका, वर स्वच्छ माती बसून तो आपोआप झाकला जाईल, असं कंपनीचं म्हणणं होतं. संस्थेने 2002 मध्ये उपसण्याचा निर्णय दिला. 2009 मध्ये आणि पुढे 2011 ते 2015 या हंगामांत सुमारे 20 लाख घनमीटर गाळ निघाला. त्यात 140 टनांच्या आसपास पीसीबी होतं. उपसताना थोडा गाळ ढवळून पाण्यात मिसळणारच. म्हणून पाण्याचे नमुने सतत तपासले जात. लिटरमागे 500 नॅनोग्रॅम ही मर्यादा होती. तरीही त्या काळात माशांतलं प्रमाण काही ठिकाणी वाढलं.

किती टन काढले यावर समाधान मानणं मला पटत नाही. खरी मोजणी माशाच्या मांसात आहे. ठरलेल्या ठिकाणी, ठरलेल्या जातीचे मासे पुन्हा पुन्हा पकडून तपासावे लागतात. किलोमागे 0.05 मिलिग्रॅम हे अंतिम उद्दिष्ट आहे आणि तिथे पोहोचायला 55 वर्षं किंवा त्याहून जास्त लागतील, असं संस्थाच सांगते. 2019 मध्ये तिने काम पूर्ण झाल्याचा दाखला दिला, तेव्हा न्यूयॉर्क राज्य सरकार कोर्टात गेलं.

हडसनवरच्या ट्रॉयच्या धरणाच्या वरच्या अंगाला 1995 पासून गळ टाकायला परवानगी आहे. मासा लागला तर तो पाण्यात परत सोडायचा.