फॅड नव्हे, कोसबाड

बोरिवली-मुलुंडच्या सोसायट्यांत नर्सरी प्रवेशाचा मोसम आला की एक वाक्य हमखास कानावर येतं: ‘मुलांना मातीत, झाडांखाली आपल्या कलाने शिकू द्यायचं हे परदेशी फॅड आहे. पैसेवाल्यांना परवडतं!’

डेन्मार्कच्या जंगलातल्या बालवाड्या मोबाइलवर पाहिलेल्या असतात. आपल्याच पश्चिम रेल्वेने डहाणूपर्यंत गेलं की जवळ असलेलं कोसबाड मात्र कुणी ऐकलेलं नसतं.

ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेका यांच्यासोबत १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापला. दादरचं शिशुविहार १९३६ चं. पण महागडी माँटेसरी साधनं गरिबांच्या मुलांपर्यंत कशी पोचणार? म्हणून १९४५ साली ताराबाई बोर्डीला गेल्या. तिथे अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा शिक्षिकाच त्यांच्या अंगणात जाऊन बसल्या. बिया, पानं, खडे, शिंपले हीच साधनं. मोजणं त्यांच्यावर, रंग ओळखणंही त्यांच्यावर. १९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथली वारली मुलं गुरं राखायला जात, तर शाळाच कुरणात भरवली. नाव कुरणशाळा. सरकारी अंगणवाड्या १९७५ मध्ये आल्या, बोर्डीनंतर तीस वर्षांनी.

आता यात श्रीमंती कुठे दिसली? माँटेसरीबाई इटलीच्या, मान्य. पण त्यांची पद्धत शेणाने सारवलेल्या अंगणात उतरवली ती इथेच, आणि तीही सर्वांत गरीब मुलांसाठी. आज ‘निसर्गशाळे’च्या नावाने कुणी भरमसाट फी घेत असेल, तर ती जागेची आणि जाहिरातीची. चिंचोके अजून फुकट मिळतात.

उरलेले गैरसमज थोडक्यात.

‘मूल म्हणेल तसं, म्हणजे बेशिस्त.’ काय करायचं ते मूल निवडतं. समोर काय ठेवायचं, हात केव्हा द्यायचा, गप्प केव्हा बसायचं हे बाई ठरवतात. अक्षरं गिरवून घेण्यापेक्षा हे अवघड आहे.

‘वाचन मागे पडतं.’ न्यूझीलंडमध्ये पाचव्या आणि सातव्या वर्षी वाचन शिकू लागलेल्या मुलांची तुलना झाली (सुगेट आणि सहकारी, २०१३). अकराव्या वर्षाच्या सुमारास वाचनक्षमतेत फरक उरला नव्हता. आपला २०२२ चा पायाभूत स्तराचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडाही तीन ते आठ वयासाठी खेळातून शिकण्यावरच भर देतो.

‘चष्मा टीव्हीमुळेच लागतो.’ चीनमधल्या ग्वांगझोउत सहा-सात वर्षांच्या मुलांना शाळेत रोज ४० मिनिटं जादा बाहेर नेलं. तीन वर्षांत नव्याने लघुदृष्टी आलेली मुलं तिथे ३०.४ टक्के, इतर शाळांत ३९.५ (जामा, २०१५).

‘पावसात भिजलं की सर्दी.’ सर्दी विषाणूंमुळे होते, आणि कोंदट वर्गात ते मजेत पसरतात. तुंबलेल्या पाण्यापासून मात्र मुलांना लांबच ठेवा. लेप्टोची भीती खरी आहे.

‘मुंबईत जागा कुठे?’ त्यासाठी अख्खं राष्ट्रीय उद्यान लागत नाही. सोसायटीतलं एक झाड आणि त्याभोवतीची माती पुरते, समितीने तिथेही पेव्हर ब्लॉक ठोकले नसतील तर.

प्रवेश घेताना ‘एबीसीडी कधी संपवता?’ हे जरा बाजूला ठेवा. मुलं रोज किती वेळ बाहेर असतात, पावसाळ्यात काय करतात आणि बाई बालशिक्षणाचं प्रशिक्षण घेतलेल्या आहेत का, एवढं विचारा.