आढी कुणी लावली?

२००४ चा मे महिना. गच्चीवर कुरडया वाळत होत्या, मागच्या खोलीत सासूबाईंनी आंब्यांची आढी लावली होती. पेपर उघडला आणि हातातला चहा गार झाला. इराकमधल्या अबू गरैब तुरुंगातला फोटो होता. फरशीवर पडलेला नग्न कैदी, त्याच्या गळ्यात पट्टा, आणि पट्ट्याचं दुसरं टोक एका अमेरिकन मुलीच्या हातात. लिंडी इंग्लंड तिचं नाव. सैन्यातली साधी शिपाई, वय एकवीस.

"बाई असून असं करवतं तरी कसं?" मी संतापून म्हटलं. तिथलं सरकार म्हणतंय, हे चार-दोन वाईट शिपायांचं काम, तेही वाचून दाखवलं. सासूबाईंनी चष्मा लावून फोटो नीट पाहिला. म्हणाल्या, "आंबे नासलेत ते दिसतंय गं. पण आढी कुणी लावली?"

मैत्रिणींनो, माझ्या सासूबाई चौथी शिकलेल्या. त्यांच्या या प्रश्नाचं उत्तर अमेरिकेच्या सिनेट समितीनं दिलं, ते डिसेंबर २००८ मध्ये.

गोष्ट सुरू होते ग्वांतानामोच्या कैद्यांपासून. कपडे काढणं, डोक्यावर पिशवी घालणं, कुत्र्यांची भीती दाखवणं, चार तासांपर्यंत उभं करणं, अशा पद्धतींच्या कागदावर २ डिसेंबर २००२ रोजी संरक्षणमंत्री डोनाल्ड रम्सफेल्ड यांनी सही केली. वर स्वतःच्या हातानं शेरा मारला, की मी तर दिवसाला आठ-दहा तास उभा असतो, मग यांना चारच तास का?

हे वाचलं तेव्हा मी ओट्याशीच उभी होते. आपणही दिवसभर उभ्याच असतो की! पण पाय दुखले तर स्टूल ओढून बसता येतं. बसायची मुभाच नसेल तर ती शिक्षा झाली. एवढं मंत्र्याला कळत नसेल?

नौदलाचे मुख्य कायदा सल्लागार अल्बर्टो मोरा यांनी सरकारात राहूनच विरोध केला. जानेवारी २००३ मध्ये ती मंजुरी मागे घेतली गेली. पण एकदा पडलेली रीत अशी पुसली जात नाही. ती अफगाणिस्तानात आणि पुढे इराकमध्ये पोचली. अबू गरैबचा प्रकार केवळ मोजक्या शिपायांनी मनानं केलेला नव्हता, असं त्या समितीनं स्पष्ट लिहिलं.

मग शिक्षा कुणाला झाली? अकरा शिपाई दोषी ठरले. चार्ल्स ग्रेनरला दहा वर्षं, लिंडीला तीन. तुरुंगांची जबाबदारी असलेल्या ब्रिगेडियर जनरल जॅनिस कार्पिन्स्की यांचा हुद्दा उतरवला. इराकमधल्या सैन्याचे प्रमुख जनरल सांचेझ यांना लष्करी चौकशीनं दोषमुक्त केलं. रम्सफेल्ड २००६ च्या अखेरपर्यंत मंत्री होते. छळ सोसलेल्या नऊ जणांनी त्यांच्यावर दावा लावला, तो २००७ मध्ये कोर्टानं फेटाळला. २०२१ मध्ये ते वारले, खटल्याला कधी उभे न राहता.

कचेरीत भानगड झाली की शिपाई निलंबित आणि साहेबांची फक्त बदली, हे आपण इथेही बघतोच.

हे फोटो बाहेर आले ते जो डार्बी नावाच्या चोवीस वर्षांच्या शिपायामुळे. जानेवारी २००४ मध्ये त्यानं फोटोंची सीडी गुपचूप तपास अधिकाऱ्यांकडे दिली. त्याचं नाव गुप्त राहायचं होतं. पण मे महिन्यात संसदेपुढे बोलताना रम्सफेल्ड यांनीच ते जाहीर केलं. छोट्या गावातला मुलगा तो. गावात काहींनी त्याला गद्दार ठरवलं, त्याला पुन्हा तिथे राहता आलं नाही. लहान गावात तोंडावर दार लावलं जाणं काय असतं, ते आपल्याला सांगायला नको.

थोडा उजेड दिसला तो नोव्हेंबर २०२४ मध्ये. अबू गरैबमध्ये छळ सोसलेले एक मुख्याध्यापक, एक फळविक्रेता आणि एक पत्रकार यांच्या बाजूनं अमेरिकेतल्या ज्यूरीनं कौल दिला. चौकशीसाठी माणसं पुरवणाऱ्या सीएसीआय कंपनीनं तिघांना मिळून ४ कोटी २० लाख डॉलर द्यावेत, असा. कंपनीनं अपील केलं. दावा २००८ चा होता, म्हणजे कौल यायला सोळा वर्षं लागली. आणि तोही कंपनीविरुद्ध. सही करणारे त्यात नव्हतेच.

लिंडीला शिक्षा झाली हे योग्यच झालं. पट्टा तिच्या हातात होता, आणि 'मला सांगितलं म्हणून केलं' हे उत्तर पुरेसं नाही. पण सांगणाऱ्याला कुणी विचारलंच नाही, तर उद्या दुसऱ्या कुणाच्या तरी हातात तोच पट्टा येणार.

आता आढी मी लावते. नासका आंबा निघाला की तो टाकतेच, पण खालचं गवतही उपसून बघते. सासूबाईंनी तेवढं शिकवलंय.