टीसीएलने जंतू मरतात, फ्लोराईड का जात नाही?

गटाच्या बैठकीत पाण्याचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, “टीसीएल टाकलंय, आता कसली भीती?” जंतूंपुरतं हे खरं आहे. पण बोअरच्या पाण्यात फ्लोराईड असेल, तर ते टीसीएलने जात नाही. असं का, ते आज समजून घेऊ.

फ्लोरिन, क्लोरिन, ब्रोमिन आणि आयोडिन ही एकाच घरातली चार भावंडं. शास्त्रात त्यांना हॅलोजन म्हणतात. चौघंही दुसऱ्याकडचा इलेक्ट्रॉन ओढून घेतात. असं ओढून घेणाऱ्याला ऑक्सिडीकारक म्हणतात. पण चौघांचा जोर सारखा नाही. फ्लोरिन सर्वांत दांडगा, मग क्लोरिन, मग ब्रोमिन आणि सर्वांत मवाळ आयोडिन. फ्लोरिनचा अणू लहान, म्हणून त्याची पकड घट्ट. आयोडिनचा अणू मोठा, पकड सैल.

शाळेच्या प्रयोगशाळेत हे डोळ्यांनी दिसतं. पोटॅशियम आयोडाईडच्या बिनरंगी द्रावणात क्लोरिनचं पाणी घातलं की ते तपकिरी होतं. क्लोरिनने आयोडाईडकडचा इलेक्ट्रॉन हिसकावला आणि आयोडिन मोकळं झालं. उलट मात्र घडत नाही. साध्या मिठातल्या क्लोराईडकडून आयोडिनला काही घेता येत नाही.

टीसीएलमधला क्लोरिन जंतूंशी हेच करतो. त्यांच्या पेशीतल्या पदार्थांचे इलेक्ट्रॉन ओढतो आणि जंतू मरतात. याला निदान अर्धा तास लागतो, म्हणून टीसीएल टाकल्या टाकल्या पाणी भरू नये.

आता फ्लोराईड म्हणजे काय? इलेक्ट्रॉन घेऊन बसलेला फ्लोरिन! दांडग्याच्या मुठीतलं क्लोरिनला सोडवता येत नाही, म्हणून फ्लोराईड पाण्यात तसंच राहतं. उकळूनही जात नाही. उलट पाणी आटतं आणि प्रमाण वाढतं.

यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड जिल्ह्यांतल्या काही गावांत हा त्रास आहे. लिटरमागे १.५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त फ्लोराईडचं पाणी वर्षानुवर्षं पोटात गेलं, तर मुलांच्या दातांवर डाग पडतात, पुढे हाडं-सांधे आखडतात. रंग, वास, चव यांवरून ते ओळखू येत नाही.

तेव्हा बायांनो, टीसीएल थांबवू नका, ते हवंच. पण त्याच्या जोडीला बोअरचं पाणी प्रयोगशाळेत तपासायला पाठवा, असा अर्ज गटातर्फे ग्रामपंचायतीला द्या. अहवाल आला की त्यातला फ्लोराईडचा आकडा बैठकीत सर्वांना वाचून दाखवा.