नाकाचा निकाल पंधरा दिवसांत लागत नाही

कामगारांची गाऱ्हाणी ऐकण्यात ज्याची तीस वर्षे गेली त्याने नाकाच्या शस्त्रक्रियेवर बोलावे, हे आपल्यापैकी काहींना चमत्कारिक वाटेल. माझी शाळा आठवीत सुटली. डॉक्टरकीशी माझा संबंध इतकाच की, अपघात झाला म्हणजे जखमी माणसाबरोबर दवाखान्यात जावे लागते आणि मागाहून त्याच्या रजेच्या कागदांसाठी खेटे घालावे लागतात. या विषयाकडे मी वळलो तो असल्याच एका कागदामुळे.

वाळूजच्या एका कारखान्यात एका तरुण कामगाराच्या तोंडावर लोखंडी दांडा बसला. नाकाचे हाड मोडले, आतला पडदा सरकला. शस्त्रक्रिया झाली, आठवड्याने नाकावरचा आधार काढला, आणि पंधराव्या दिवशी हा गडी आरसा घेऊनच माझ्यापुढे उभा. "भाऊ, ही डावी नाकपुडी बघा, निम्मीच राहिली. शेंडा तर बटाट्यावाणी झालाय. डॉक्टरवर अर्ज लिहा." मला ते दिसत होते, रागही आला होता. अर्ज मी लिहायला घेतला. टाकण्यापूर्वी मात्र एका जाणत्या सर्जनांना विचारले आणि माझी चूक मला समजली. आरशात दिसत होती ती बरीचशी सूज होती. नाक अजून तिच्याआड होते.

नाकाचा वरचा भाग हाडाचा, खालचा कूर्चेचा. शस्त्रक्रियेत त्यावरची त्वचा सुटी करावी लागते. तसे करताना अंगातले पाणी वाहून नेणाऱ्या बारीक लसवाहिन्या तुटतात. त्या पुन्हा जुळेपर्यंत पाणी तिथेच तुंबून राहते. नाली बुजली की गल्लीत पाणी साचते, तसेच. आता दोन्ही बाजूंना सारखा मार कधीच बसत नाही. एकीकडचे हाड जास्त हलवावे लागते, एकीकडचा टाका अधिक ओढून बसतो, माणूस झोपतोही एकाच कुशीवर. म्हणून एक नाकपुडी अरुंद दिसते, दुसरी मोकळी. पहिले दोन-तीन दिवस सूज चढत जाते. डोळ्यांखालचे काळेनिळे डाग साधारण दोन आठवड्यांत जातात, सुजेचा मोठा भाग महिना-दीड महिन्यात. शेंड्याची सूज मात्र सर्वांत शेवटी उतरते. तिला वर्ष लागते. कातडी जाड असेल तर त्याहूनही अधिक. सकाळी नाक जड आणि संध्याकाळी हलके वाटते, कारण रात्रभर आडवे पडल्याने पाणी तोंडाकडे येते. आणि निरोगी माणसाचाही श्वास काही तास एका नाकपुडीतून मोकळा, मग दुसरीतून, असा आलटून पालटून चालतो. स्वर पाहणाऱ्या जुन्या मंडळींना हे ठाऊक होते.

ही वाट पाहण्याची गोष्ट नवी नाही. १७९२ च्या लढाईत इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणारा एक मराठी शेतकरी टिपूच्या हाती सापडला. त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. इंग्रजी कागदांत त्याचे नाव कावसजी असे आहे. हे नाव पारशाचे आणि हा तर कुणबी, तेव्हा साहेबाच्या कानाने काय ऐकले कोण जाणे. वर्षभराहून अधिक काळ तो तसाच होता. मग पुण्याजवळच्या एका वीटकऱ्याने त्याला नवे नाक बसवले. मेणाचा नमुना करून तो कपाळावर ठेवला, तेवढी कातडी सोडवली, भुवयांमध्ये एक पट्टी जोडलेली राखली आणि कातडी वळवून खाली बसवली. जखमेवर कात लावलेल्या चिंध्या, तोच कात जो आपण पानाला लावतो. चौथ्या दिवसानंतर तुपात भिजवलेले कापड. पाच-सहा दिवस रोग्याने उताणे निजायचे, आणि दहाव्या दिवशी नाकपुड्यांत मऊ कापडाचे बोळे, त्या मिटू नयेत म्हणून! नाकपुड्यांची काळजी त्या वीटकऱ्यालाही होती. सुश्रुतसंहितेतही नाक जोडताना दोन नळ्या घालण्यास सांगितले आहे. जोडपट्टी कापली ती पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास, आणि तेव्हाही आकार सुधारण्यासाठी थोडी काटछाट करावी लागे.

ही हकीकत १७९४ साली लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये छापली गेली. ती वाचून कार्प्यू नावाच्या सर्जनने १८१४ साली तिकडे तीच शस्त्रक्रिया केली. अशी शस्त्रक्रिया पाहणाऱ्या डॉक्टरांची नावे छापली गेली. करणाऱ्याचे नाव कोणी लिहून ठेवले नाही. आम्हा कामगारांना याचे नवल वाटत नाही. पण मला त्या हकीकतीतली एक ओळ फार मोलाची वाटते. कावसजीचे चित्र जेम्स वेल्सने काढले, ते शस्त्रक्रियेनंतर दहा महिन्यांनी. (याच वेल्सने आपल्या वेरूळच्या लेण्यांचीही चित्रे काढली, ती त्याच्या मृत्यूनंतर, १८०३ साली प्रसिद्ध झाली.) पंधराव्या दिवशी ते चित्र निघाले असते, तर लंडनमध्ये त्या नाकाची कोणी वाखाणणी केली असती असे मला वाटत नाही.

मात्र 'थांबा' म्हणजे सगळेच सोसा, असे नव्हे. दुखणे कमी होण्याऐवजी वाढू लागले, दोन्ही नाकपुड्या एकदम गच्च झाल्या, आतला पडदा फुगला, ताप आला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. पडद्यात रक्त साकळले तर काही दिवसांत कूर्चा विरघळते आणि नाक मधोमध बसते. रक्त थांबत नसेल किंवा नाकातून पाण्यासारखा स्वच्छ द्रव ठिबकत असेल, तरीही तसेच. एरवी उशी उंच ठेवावी, नाक शिंकरू नये, शिंक आली तर तोंड उघडून द्यावी, चष्म्याचा भार नाकावर टाकू नये, आणि तीन-चार आठवडे जड वजन उचलू नये.

खरा तंटा इथेच होता. आमच्या त्या कामगाराला दहाव्या दिवशीच माल उचलण्याच्या कामावर बोलावले होते. सूज म्हणजे काही आजार नव्हे, असे त्याला सांगण्यात आले. कामगार विमा योजनेत कामावरच्या दुखापतीसाठी, डॉक्टर अपात्र ठरवतील तोवर, वेतनाच्या ९० टक्के भत्ता मिळतो. साध्या आजारपणात ७० टक्के, वर्षातून ९१ दिवसांपर्यंत. डॉक्टरांविरुद्धचा अर्ज मी फाडला आणि हा दाखला मिळवण्यासाठी दुसरा लिहिला. त्याला दीड महिना रजा मिळाली.

दर महिन्याला एकाच खिडकीपाशी, एकाच उजेडात त्याचा फोटो काढायचे आम्ही ठरवले. सहाव्या महिन्यात शेंडा उतरला. डावी नाकपुडी किंचित लहान राहिली, तेव्हा त्याच्या बायकोने लग्नाचा फोटो आणून दाखवला. तीत तेव्हाही तितकाच फरक होता. वर्ष उलटूनही ठळक वाकडेपणा राहिला किंवा श्वास अडला, तर दुरुस्तीची शस्त्रक्रिया करता येते. त्याआधी सर्जन सहसा सुरी उचलत नाहीत, कारण सुजलेल्या नाकाचे माप घ्यायचे तरी कसे?