आधी आखणी, मग दगड

दर्यापूर तालुक्यातल्या लासूरचे आनंदेश्वर मंदिर पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात उभे आहे. या पट्ट्यात खोलवर गाळाची मातीच लागते. खडक हवा तर उत्तरेला गाविलगडचे किंवा दक्षिणेला अजिंठ्याचे डोंगर गाठावे लागतात. म्हणजे मंदिराचा काळा पाषाण दुरूनच आणलेला असणार. चुना न वापरता, खाच आणि कूस यांच्या आधाराने रचायच्या अशा दगडाची जागा, माप आणि कोन आधीच ठरलेले असावे लागतात. चुकलेली फट भरायला मध्ये काहीच नसते. म्हणून वऱ्हाडातल्या यादवकालीन मंदिरांचे खरे कौशल्य शिल्पांपेक्षा जमिनीवरच्या आखणीत आहे, असे मला वाटते.

या आखणीला साधने थोडीच लागत. जमिनीत उभ्या रोवलेल्या शंकूभोवती वर्तुळ काढायचे. शंकूच्या सावलीचे टोक दुपारच्या आधी आणि नंतर वर्तुळाला जिथे शिवते, ते दोन बिंदू जोडले की पूर्व-पश्चिम रेषा मिळते. तिच्यावर गर्भगृहाचा चौरस बसतो आणि पुढे त्याच अक्षावर अंतराळ व सभामंडप येतात. तारकाकृती तलविधानही याच चौरसातून निघते. एकाच मध्याभोवती चौरस ४५ अंशांनी फिरवला की आठ कोन होतात, २२.५ अंशांच्या टप्प्यांनी चार चौरस मांडले की सोळा. लोणारच्या दैत्यसूदन मंदिराच्या बाह्यांगाला असेच कोन आहेत. पायाशी ठरलेला कोन पीठाच्या, म्हणजे जोत्याच्या, थरांतून भिंतीवर चढतो आणि शिखराच्या रचनेलाही दिशा देतो.

हे कोन केवळ छायाप्रकाशाच्या शोभेसाठी आहेत, असे कोणी म्हणेल. शोभा आहेच, पण निव्वळ सजावट असती तर ती भिंतीवर नंतर कोरता आली असती. इथे कोन पायापासूनच सुरू होतात. दुसरा आक्षेप परंपरेचा: ही सारी पद्धत हेमाडपंताची. पण बार्शीटाकळीच्या मंदिरातला शिलालेख शके १०९८चा, म्हणजे ११७६चा आहे आणि हेमाडपंत, म्हणजेच हेमाद्री, यादवांचा मंत्री झाला तो १२६०च्या सुमारास. अंबरनाथचे मंदिर तर १०६०चे. ते ज्या शैलीचे, त्या भूमिज मंदिरांचा विचार माळव्यातल्या भोजाच्या ‘समरांगणसूत्रधार’ ग्रंथातही आहे. एका मंत्र्याच्या डोक्यातून निघालेली ही युक्ती नव्हती. सूत्रधारांच्या पिढ्यांनी जोपासलेली विद्या होती. सगळे आधी ठरलेले असेल तर कारागिराला मोकळीक कुठे उरली, हा आक्षेप अधिक गंभीर आहे. त्याचे उत्तर मंदिरांच्या वेगळेपणातच आहे: नियम चौरसाचा, पण किती कोन घ्यायचे, कुठे सरळ बाजू राखायची, मंडप किती मोठा करायचा, हे प्रत्येक ठिकाणी नव्याने ठरे. कौशल्य आखणीत आहे हे मान्य केले, तर जतनाचा क्रमही बदलतो. आवारात पडलेला बिनशिल्पाचा दगडसुद्धा त्याच्या कोनामुळे आपली मूळ जागा सांगू शकतो, आणि पीठावर फरशी बसवली की आखणीचा पहिलाच पुरावा बुजतो.