आईवडिलांना घेऊन मुंबईहून कामरगावला कायमचं परतायचंय? गाडी काढण्याआधी हे समजून घ्या

कामरगाव म्हणजे वाशिम जिल्ह्यातल्या कारंजा तालुक्यातलं गाव. इथली कितीतरी घरं वर्षभर कुलूपबंद असतात, कारण माणसं मुंबई-पुण्यात. नोकरी संपते, खोलीचं भाडं झेपेनासं होतं किंवा आईच म्हणते, "आता मला गावी घेऊन चल." मग मुलगा सामान बांधतो आणि आईला घेऊन निघतो. गावाला जाणं वेगळं आणि गावी राहायला जाणं वेगळं, हे कळतं ते इथेच.

आधी रस्त्याचं पाहू. मुंबई-नागपूर प्रवासाला पूर्वी 16 तासांच्या आसपास लागायचे. समृद्धी महामार्गाने हे चित्र बदललं. 11 डिसेंबर 2022 ला नागपूर ते शिर्डी हा 520 किलोमीटरचा टप्पा सुरू झाला आणि 5 जून 2025 ला इगतपुरी ते आमणे हा शेवटचा. आता भिवंडीजवळच्या आमणेला चढायचं आणि कारंजाला उतरायचं. एकूण 701 किलोमीटरचा हा रस्ता 10 जिल्ह्यांतून जातो, त्यात वाशिमही आहे. दुचाकीला मात्र इथे बंदी आहे, त्यामुळे बाईक टेम्पोत टाकूनच न्यावी लागते.

आता एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. या रस्त्यावर कारला ताशी 120 ची मर्यादा आहे, मालवाहू गाडीला 80 ची. नुसत्या 500 किलोमीटरचा हिशेब केला तरी 2 तासांचा फरक पडतो, आणि टेम्पोवाला जेवायला थांबणार ते वेगळंच. म्हणजे आई घरी पोचते, पण तिची गादी अजून वाटेतच असते! वर्षभर बंद असलेल्या घरात, प्रवासाने आंबलेल्या बाईला बसायला खुर्चीही नाही. म्हणून चादर, उशी, स्टोव्ह, पाण्याचा कॅन, औषधांचा डबा आणि डॉक्टरांची फाइल कारमध्येच ठेवावी.

खरा धोका वेगळाच आहे. सरळ, एकसारखा रस्ता, ना सिग्नल ना वळण. अशा रस्त्यावर डोळे उघडे असूनही मेंदूला गुंगी येते. त्यात आदल्या रात्री 2 वाजेपर्यंत खोकी बांधलेली असतात. 1 जुलै 2023 च्या मध्यरात्रीनंतर बुलडाणा जिल्ह्यात सिंदखेडराजाजवळ खासगी बसच्या अपघातात 25 जण गेले, तेव्हापासून या रस्त्यावरच्या रात्रीच्या प्रवासाची धास्ती अनेकांच्या मनात आहे. सामान बांधल्यावर एक रात्र झोप काढून पहाटे निघालेलं बरं. टायरची हवा आणि झीज तपासणं तर आलंच, काँक्रीटवर सलग वेगात टायर तापतात.

आईच्या पायांचाही विचार हवा. सलग 4 तास किंवा जास्त बसून प्रवास केला की पायाच्या शिरेत रक्ताची गाठ होण्याचा धोका जवळपास दुप्पट होतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या 2007 च्या अहवालात म्हटलंय. मूळ धोका कमी आहे, पण वय आणि आधीचे आजार तो वाढवतात. गंमत अशी की गाडी थांबवावी लागू नये म्हणून म्हातारी माणसं पाणीच पीत नाहीत, विचारलं तर "तहान नाही" म्हणतात. तिने सांगायची वाट न पाहता दर दोनेक तासांनी थांबा घ्यावा आणि तिला चार पावलं चालवावं.

बसून राहणं झेपणारच नसेल तर रेल्वे आहे. आईसोबत एकाने मूर्तिजापूर किंवा बडनेऱ्याला उतरायचं आणि दुसऱ्याने कार आणायची.

पोचल्यावर कागदपत्रं. गाडी महाराष्ट्रातलीच असेल तर नंबर बदलत नाही, पण नवा पत्ता 30 दिवसांत आरटीओला कळवावा लागतो. बेंगळुरू किंवा सुरतहून आणलेली गाडी 12 महिन्यांहून जास्त इथे ठेवायची असेल तर तिकडच्या आरटीओचं ना-हरकत प्रमाणपत्र घेऊन इकडे नोंदणी आणि कर. हे प्रमाणपत्र शहर सोडण्याआधीच काढावं, नाहीतर तेवढ्यासाठी परत खेप पडते. मतदार यादीसाठी फॉर्म 8. रेशन कार्ड बदलेपर्यंत केंद्राच्या अन्नसुरक्षा योजनेतलं धान्य आधार पडताळणीवर गावच्या दुकानातही मिळू शकतं.

आणि तपासणीसाठी पुन्हा मुंबई गाठायची झाली तर 75 पूर्ण केलेल्यांना राज्यातला एसटी प्रवास ऑगस्ट 2022 पासून मोफत आहे. तिकीट फक्त मुलाचं काढायचं.